वरळीचा मनोरा आणि रानशेतचा आठवडा

चंद्राच्या कलांवरून महिना कळतो आणि सूर्याच्या अयनांवरून वर्ष कळते. परंतु आठवडा मात्र आकाशात कोठेही दिसत नाही. तो माणसांनी आपापसांत ठरवावा लागतो, आणि म्हणूनच एखाद्या मुलखातला आठवडा कोणी ठरविला, हा प्रश्न त्या मुलखाच्या इतिहासाकडे जाण्याची एक खात्रीची वाट आहे. डहाणू-तलासरीच्या प्रदेशात तो कधी बाजाराने ठरविला, कधी जमीनदाराच्या बोलावण्याने मोडला, कधी शाळेच्या घंटेने बांधला. आणि १९७२ नंतर, फार मंद गतीने आणि फार लांबून, तो मुंबईत वरळी येथील एका सरकारी इमारतीतून जाहीर होऊ लागला. पुढील सात दिवसांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची जी माहिती त्या इमारतीतून आठवड्यातून एकदा वाचून दाखविली जाई, तिला प्रेक्षक ‘साप्ताहिकी’ या नावाने ओळखत. करमणुकीच्या इतिहासात तिला कोणी फारसे स्थान दिलेले नाही. मला मात्र ती गेल्या अर्धशतकातील एक महत्त्वाचा सार्वजनिक दस्तऐवज वाटते. कारण शासनाने आपला प्रेक्षक कोण मानला, त्याला कोणत्या वारी काय द्यावयाचे ठरविले, आणि कोणाला पडद्यावरचा विषय म्हणून स्मरून पडद्यासमोरचा माणूस म्हणून विसरले, हे सारे त्या यादीत नोंदले गेले आहे. ती यादी वरळीत बसून वाचली तर तिचा एक अर्थ लागतो. रानशेतच्या बाजूने वाचली तर दुसरा लागतो. येथे ती रानशेतच्या बाजूने वाचावयाची आहे.

रानशेत हे डहाणू तालुक्याच्या पूर्व भागातील गाव. डहाणू रोड स्थानकाच्या पश्चिमेस समुद्र, खाडी, चिकूच्या वाड्या, पारशी व इराणी बागायतदारांची घरे आणि मराठीबरोबरच गुजरातीतही चालणारी पेठ. पूर्वेस जमीन चढणीला लागते, रान सुरू होते आणि एकवट वस्तीऐवजी दूरदूर विखुरलेले पाडे दिसू लागतात. या पाड्यांतून वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, धोडिया, दुबळा अशा जमाती राहतात. वारल्यांचे वर्ष भाताच्या पिकाभोवती फिरते. कणसरी ही त्यांची धान्यदेवता, नारनदेव पावसाचा देव. भात निसवून पिकू लागले की तारपा या फुंकवाद्याचा सूर ऐकू येतो, पीक घरात आल्यावर लग्ने निघतात आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांवाचून ती लागत नाहीत. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. वर्षाला असा भरघोस आकार होता. आठवड्याला आकार देणारी गोष्ट मात्र एकच, ती म्हणजे आठवड्याचा बाजार. मीठ, सुकी मासळी, तेल आणि कापड तेथे मिळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या पाड्यावरचा सोयरा तेथे भेटे, मुलगी कोठे दिली आणि माणूस कोठे वारला हे तेथे कळे, सरकारी हुकमाची दवंडीही तेथेच कानी पडे. वर्तमानपत्र ज्याच्या दारी येत नाही, त्याचे वर्तमान बाजाराच्या दिवशी तयार होते.

परंतु हा बाजाराचा आठवडादेखील वारल्याच्या स्वाधीन नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागातील जमिनी सावकार, जमीनदार आणि गवताचे व लाकडाचे व्यापारी यांच्या हाती गेल्या, आणि जमिनीबरोबर जमीन कसणाऱ्याचा दिवसही गेला. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेल्या खावटीची फेड कधी पुरी होत नसे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत, आणि अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. यांपैकी काही नसले तरी वेठ होतीच. जमीनदाराचा माणूस येऊन हाक मारी तेव्हा स्वतःच्या शेतातली आवणी अर्धी टाकून जावे लागे. ज्याला कोणत्याही वारी, कोणत्याही प्रहरी बोलावता येते, त्याला आठवडा नसतो. त्याच्यापुढे केवळ न संपणारा एकच दिवस असतो.

हा दिवस १९४५ साली तुटला. २३ मे १९४५ रोजी त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली, आणि वेठ करावयाची नाही, लग्नगडी म्हणून राबावयाचे नाही, असा निर्धार तेथे झाला. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याने किसान सभेच्या वतीने उभारलेला हा लढा पुढे गवतकापणीच्या मजुरीवर आला. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये आणि शेतमजुराला दिवसाला निदान बारा आणे, या त्या मागण्या आज वाचताना आकडे लहान वाटतात. पण मजुरी दिवसावर मोजली जाणे याचाच अर्थ असा की दिवसाला आरंभ आहे, शेवट आहे, आणि शेवटानंतरचा काळ राबणाऱ्याचा आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. संध्याकाळ आपल्या मालकीची व्हावी यासाठी या तालुक्यांनी दिलेली किंमत ध्यानात ठेवल्याखेरीज येथील संध्याकाळच्या कोणत्याही करमणुकीचा इतिहास लिहिता येणार नाही, म्हणून हे एवढ्या विस्ताराने सांगितले.

गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली. तो १९७० साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात ते भीषण अवर्षणाचे वर्ष होते. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही वारल्यांचा इतिहास मराठी साहित्यात मान्यता पावला आणि मराठी भाषेला पडदा मिळाला, या दोन गोष्टी एकाच वर्षात घडाव्यात, आणि त्या पडद्यावरचे चित्र ग्रंथातल्या मुलखापर्यंत पोहोचण्यास पुढे कित्येक वर्षे लागावीत, हा योग अभ्यासकाने नजरेआड करू नये.

लोकसेवेचे प्रक्षेपण आणि शेतकरी यांचे नाते आपल्याकडे अगदी आरंभापासूनचे आहे. १९५६ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून एक प्रयोग केला. दीडशे गावांतील शेतकरी ठरलेल्या वारी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांतील ही गावे होती. ठाणे जिल्ह्याचा त्यांत समावेश नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, आणि २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांसाठी ‘कृषिदर्शन’चा आरंभ झाला. प्रक्षेपणाची वेळ ठरविताना शेतकरी शेतातून केव्हा परततो याचा विचार करावयाचा, हा संकेत या प्रयोगांनी घालून दिला आणि मुंबईने तो उचलला.

मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील आठवडा आज डोळ्यांसमोर आणला तर त्याची रचना फार विचारपूर्वक झालेली आढळते. प्रक्षेपण सायंकाळचे, काही तासांचेच. पण त्या मोजक्या तासांत किती निरनिराळ्या माणसांना जागा दिली होती! शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, गिरणी-कारखान्यांतील श्रमिकांसाठी ‘कामगार विश्व’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, मुलांसाठी ‘किलबिल’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’. साहित्य व कला यांच्यासाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, नाटकांसाठी ‘नाट्यावलोकन’, संगीतासाठी ‘शब्दांच्या पलीकडले’, आणि हलक्याफुलक्या नाट्यप्रवेशांचा ‘गजरा’. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर पुण्याच्या श्रोतृमंडळांची परंपरा पडद्यावर आणली, गावोगाव ज्ञानदीप मंडळे निघाली आणि कार्यक्रम पाहणाऱ्यांनी पाहून स्वस्थ न बसता काही करावे, असा आग्रह त्यांतून धरला गेला. गुजराती प्रेक्षकांसाठी ‘संताकुकडी’ आणि ‘आवो मारी साथे’, हिंदी चित्रपटगीतांसाठी गुरुवारचे ‘छायागीत’, तबस्सुम यांचे ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, आणि रविवारचा हिंदी चित्रपट. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ ही मालिका १९७७ साली सुरू झाली, तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. बातम्या सांगणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या, पुढे प्रदीप भिडे यांच्यासारख्यांचा आवाज हा विश्वासाचा आवाज ठरला.

या साऱ्याची पूर्वसूचना देणारी साप्ताहिकी ही दिसावयास साधी गोष्ट होती. निवेदिका शांतपणे वार सांगे, वेळ सांगे, कार्यक्रमाचे नाव आणि त्यात भाग घेणाऱ्यांची नावे सांगे, मधूनच एखाद्या कार्यक्रमाचा अंश दाखविला जाई. तिच्यात आर्जव नव्हते आणि प्रलोभनही नव्हते. एखाद्या जबाबदार कचेरीने आपल्या कामाचा तक्ता दारावर लावावा, तशी ती होती; आणि तक्ता लावला की कचेरी बांधली जाते. सोमवारी शेतीविषयी बोलू असे सांगितले, तर सोमवारी शेतीविषयीच बोलावे लागते. प्रेक्षकाला तक्रारीचा जो काही अधिकार प्राप्त होतो, तो या पूर्वघोषणेतून होतो. आजच्या दर्शकाला, ज्याच्या हाती केव्हाही काहीही पाहण्याची सोय आली आहे, त्याला या बांधिलकीचे मोल उमगणे कठीण आहे. केव्हाही मिळणारी वस्तू कोणी कोणाला देणे लागत नाही. ठरल्या वेळी द्यावयाची वस्तू मात्र देणे लागते.

आता या आठवड्याकडे रानशेतहून पाहू. पहिली अडचण पदार्थविज्ञानाची होती. दूरचित्रवाणीच्या लहरी रेडिओच्या लहरींप्रमाणे वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून दूरवर परतत नाहीत. त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वीची वक्रता व वाटेतले डोंगर त्यांना अडवितात. वरळीचा तीनशे मीटर उंचीचा मनोरा मुंबई आणि तिच्या आसमंतासाठी होता. चर्चगेटपासून डहाणू रोड रेल्वेने सुमारे १२४ किलोमीटर. म्हणजे डहाणू तालुका त्या मनोऱ्याच्या खात्रीच्या पल्ल्याबाहेर. मोकळ्या समुद्रावरून लहरींना अडथळा कमी, त्यामुळे किनाऱ्यावर उंच काठीला अँटेना बांधून आणि लहरींचे बळ वाढविणारे यंत्र जोडून मुंग्यांनी भरलेले चित्र मिळविण्याची आशा तरी धरता येई. पूर्वेकडे जसजसे जावे तसतशी तीही मावळत जाई. २ ऑक्टोबर १९७३ रोजी पुण्यासाठी सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झाले आणि घाटापलीकडच्या पुणेकरांना मुंबईचा आठवडा मिळाला. त्याच मुंबईच्या जिल्ह्याला लागून असलेल्या ठाणे जिल्ह्याचे उत्तरेचे टोक मात्र तसेच राहिले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो जगप्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांना थेट उपग्रहाकडून चित्र मिळाले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

दुसरी अडचण विजेची. विजेची तार मुख्य रस्त्याने येते, गावठाणात थांबते आणि पाड्याकडे वळावयास फार वेळ लावते. विखुरलेली वस्ती हा आदिवासी जीवनाचा स्वभाव, तर प्रत्येक खांबाचा खर्च मोजणे हा वीज मंडळाचा. तिसरी अडचण पैशाची. संच घ्यावयाचा, त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावयाचा आणि दरसाल त्याचे नूतनीकरण करावयाचे, ही हंगामी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यातली बाब नव्हती. पाऊस संपला की या पाड्यांतील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात; ज्या घराला वर्षातले काही महिने कुलूप असते, त्या घराला कोणता साप्ताहिक कार्यक्रम पुरणार?

येथे या तालुक्याच्या दुसऱ्या एका परंपरेचे स्मरण करणे मला आवश्यक वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. त्यातून पाड्यावरची अंगणवाडी निघाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली. मुलाची गुरे जेथे चरतात तेथे शिक्षक, आणि मुलाला फुरसत असते तेव्हा शाळा. म्हणजे येथे वेळापत्रक संस्थेच्या सोयीने ठरत नसून मुलाच्या दिवसावरून ठरत होते. दूरचित्रवाणीच्या लोकसेवेचे तत्त्व याहून वेगळे असावयाचे कारण नव्हते. शेतकऱ्याची संध्याकाळ पाहून शेतीचा कार्यक्रम लावणे हे त्याच तत्त्वाचे एक लहानसे रूप होते. पण ते तत्त्व अखेरपर्यंत नेण्याची जी तळमळ कोसबाडच्या टेकडीवर दिसली, ती वरळीला परवडली नाही. तसे पाहता कोसबाडला तरी काय परवडत होते?

वारल्यांचे जग पडद्याबाहेर सर्वस्वी राहिले असे मात्र नव्हे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी वारली चित्रकला डहाणूच्या रानातून मुंबई-दिल्लीच्या कलादालनांत गेली, आणि रानशेतपासून दूर नसलेल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावरील जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०११ साली पद्मश्री मिळाली. लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनींनी लिहावयाचा चौक कागदावर आला, आणि तारप्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या आकृती साऱ्या देशाच्या ओळखीच्या झाल्या. पण यातच त्या विसंगतीचे मूळ आहे. ज्यांचा नाच जगाने पाहिला, त्यांच्या दारी जग पाहण्याचे साधन आलेले नव्हते.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चित्राला रंग आले, आणि १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची उभारणी इतक्या वेगाने झाली की काही महिने दररोज एक प्रक्षेपक सुरू होत असे. विस्ताराच्या दृष्टीने हा पराक्रम मानावयास हवा. परंतु आठवड्याच्या दृष्टीने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. दूरच्या गावांत जे लहान प्रक्षेपक बसले त्यांनी मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठविला, आणि मुंबई केंद्रावरही रात्रीचे मोक्याचे तास दिल्लीकडे गेले. जो आठवडा मराठी शेतकरी, मराठी कामगार, गुजराती शेजारी आणि मराठी बालक यांना ध्यानात ठेवून आखला होता, त्यावर एका दूरच्या राजधानीचा आठवडा येऊन बसला. प्रा. पूरनचंद्र जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८०च्या दशकाच्या मध्यात दिलेल्या अहवालात दिल्लीकेंद्रित वृत्तीविषयी स्पष्ट इशारा दिला होता. दप्तरी दाखल होऊन तो तेथेच राहिला. रानशेतच्या वाट्याला चित्र आले ते आपल्या भाषेचा संध्याकाळचा तास कमी होत असताना.

रविवार सकाळची हकीकत मात्र वेगळी आणि या प्रदेशाशी जवळून निगडित आहे. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत, अठ्ठ्याहत्तर भागांत, रविवारी सकाळचा साडेनऊचा सुमार हा देशाच्या आठवड्यातील सर्वांत निश्चित क्षण बनला. या मालिकेचे चित्रण झाले उंबरगाव येथे. आज उंबरगाव गुजरातेत आहे. परंतु १ मे १९६० पर्यंत तो ठाणे जिल्ह्याचा तालुका होता, आणि झरीच्या त्या परिषदेचा मुलूख म्हणून त्याचे नाव वर आलेच आहे. द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले तेव्हा उंबरगाव आणि त्याच्या भोवतीची गावे गुजरातेकडे गेली, उरलेली गावे महाराष्ट्रात राहिली आणि त्यांतून तलासरीचा कारभार उभा राहिला. एकाच रानातून ही सीमारेषा गेली. दोन्ही बाजूंना तेच वारली, तेच धोडिया, तेच देव आणि त्याच सोयरिकी. ज्या चित्रासाठी अवघा देश रविवारी खोळंबून बसे, ते तलासरीपासून काही कोसांवर, एके काळच्या एकाच जिल्ह्यात तयार होत होते. अयोध्या आणि लंका दोन्ही तेथे उभ्या होत्या. तेथून ते चित्र दिल्लीला जाई, आणि दिल्लीहून परत या प्रदेशाकडे येई. सार्वजनिक प्रक्षेपणाचा प्रवास त्या काळी कोणत्या दिशेने होत असे, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

विजेचीही गोष्ट अशीच उलट्या दिशेने वाहिली. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. त्याच डहाणूत पाचशे मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९०च्या दशकाच्या मध्यात चालू झाले. तेथील वीज उच्चदाबाच्या तारांवरून मुंबईच्या उपनगरांकडे गेली. त्या तारांचे मनोरे ज्या रानातून आणि शेतांतून गेले, तेथल्या पाड्यांना त्या विजेवर पहिला हक्क नव्हता. मुंबईतील दिवाणखान्यांत डहाणूच्या विजेवर संच चालावेत आणि पाड्यावरची संध्याकाळ कंदिलावर जावी, ही स्थिती दीर्घकाळ सहन केली गेली, आणि तिचा राग येणे मी योग्य समजतो.

१९९४ साली मराठीसाठी उपग्रहावरून स्वतंत्र वाहिनी निघाली आणि पुढे ‘सह्याद्री’ हे नाव तिला मिळाले. तोवर खासगी वाहिन्यांचा काळ आला होता. त्यांच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार एकसारखे असतात. रोज त्याच वेळी तीच मालिका. वारांना वेगवेगळे रूप देण्याची कल्पना, म्हणजे आज शेतकऱ्याचा दिवस, उद्या नाटकाचा, परवा मुलांचा, ही दूरदर्शनची होती आणि ती तेथेच तग धरून राहिली. ‘हॅलो सह्याद्री’, ‘सखी सह्याद्री’ यांसारख्या कार्यक्रमांनी जुन्या रचनेचे काही धागे पुढे नेले. प्रसार भारतीचा कायदा १९९० सालचा, पण त्याची अंमलबजावणी १९९७ साली झाली. स्वायत्ततेचा तो बराच गाजलेला अध्याय येथे उकलण्याचे प्रयोजन नाही, कारण पाड्याच्या जीवनात त्याने फरक पडला नाही. फरक पडला तो डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या विनामूल्य उपग्रहसेवेने. एक छत्री आणि एक पेटी यांची किंमत एकदा भरली की महिन्याचे भाडे नाही, परवाना नाही. आकाशातून येणाऱ्या लहरीला डोंगर आड येत नाही, मुंबईपासूनचे अंतर तिला ठाऊक नाही. वरळीच्या शेजारी राहणारा आणि रानशेतच्या पाड्यावर राहणारा या दोघांना चित्र सारख्याच बळाचे मिळते. जुन्या पद्धतीचे भूपृष्ठावरील प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र थांबविण्यात आले. डहाणू आणि तलासरी ज्यात येतात तो पालघर हा स्वतंत्र जिल्हा त्यापूर्वीच, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाण्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आला होता.

या नव्या साधनाची कसोटी २०२०च्या महासाथीत लागली. शाळा बंद पडल्या. शहरातील मुले मोबाईलवर शिकू लागली. पाड्यांवर कोठे मोबाईल नव्हता, कोठे मोबाईल होता पण त्याला संपर्क मिळत नव्हता, आणि जो एक मोबाईल घरात होता तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात होता. अशा वेळी २० जुलै २०२० रोजी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बालभारतीच्या अभ्यासक्रमावर ती सिद्ध केली होती. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली, इंटरनेटची गरज नाही, घरातील आणि परिसरातील वस्तू घेऊन, आईबापांना बरोबर घेऊन करावयाचे उपक्रम. माझ्या मते मुंबई केंद्राच्या जन्मापासून एखाद्या साप्ताहिक वेळापत्रकाने आपले काम इतक्या सरळपणे केल्याची उदाहरणे थोडी आहेत. कोसबाडच्या कुरणशाळेत जे तत्त्व गुरांमागे चालत गेले, ते येथे छत्रीतून उतरले.

तरीही एक उणीव तशीच उभी आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा विषय मला सोडवत नाही. मुंबई केंद्राने आपल्या पहिल्याच दशकात मराठीबरोबर गुजरातीला आणि हिंदीला जागा दिली, हे त्याचे औदार्य; डहाणूच्या पेठेला ते तिन्ही आवाज ओळखीचे होते. परंतु पाड्यावर ज्या बोलीत आई मुलाला हाक मारते, त्या वारली बोलीला ठरलेल्या वारी ठरलेली वेळ मिळावी, हा हक्क सार्वजनिक वाहिनीच्या आठवड्यात रुजला नाही. लोककलेच्या कार्यक्रमात तारपा वाजतो, माहितीपटात चौक दिसतो. पण भाताच्या रोगाविषयी, रोजगार हमीच्या मजुरीविषयी, वनहक्काच्या दाव्याविषयी, दवाखान्यातील लसीच्या दिवसाविषयी त्याच बोलीत, त्याच लोकांपैकी कोणी, दर आठवड्याला अर्धा तास बोलावे, इतकीच ही मागणी आहे. डहाणूच्या आणि तलासरीच्या आश्रमशाळांतून शिकलेली मुले-मुली आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत, आणि मोबाईलवर आपल्या बोलीतली गाणी स्वतः चित्रित करून पाठवीत आहेत. बोलणारे हवे असतील तर ते आहेत. उपग्रहावर जागा आहे. वेळापत्रकात बुधवार आहे, शुक्रवार आहे. शेतावरून माणूस दिवेलागणीला परततो, म्हणून वेळ सायंकाळी साडेसातची ठेवावी, आणि ती आदल्या आठवड्यात, वार आणि वेळ सांगून, साप्ताहिकीतून जाहीर करावी.